रेकॉर्ड ऐकून घडलेला ड्रमर

कॅसेट पुन्हा पुन्हा ऐकून गाणं हुबेहूब वाजवायचं, हे आपण शाळेच्या गॅदरिंगमध्ये खूप पाहिलं. जगभरचे ट्रिब्यूट बँड तेच करतात. लोक त्याला नक्कल म्हणून हसतात, मला ते पटत नाही.

त्रिलोक गुर्टू घ्या. बेळगावात जन्मलेल्या ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचा हा मुलगा, जन्म मुंबईचा, १९५१ चा. घरात ठुमरी, हाताखाली तबला आणि कानावर हेंड्रिक्ससारख्यांच्या रेकॉर्डी. स्टुडिओत एकाच वादकाचे आवाज एकावर एक चढवता येतात, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. म्हणून ऐकू आलं ते सगळं ते एकट्यानं वाजवायला शिकले! आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात अपुऱ्या माहितीनं कामं बिघडतात, इथं ती फळली.

कसोटी पुढंच होती. अमेरिकेच्या ‘ओरेगॉन’ या जॅझ बँडचे कॉलिन वॉल्कॉट १९८४ मध्ये दौऱ्यावर असताना जर्मनीत अपघातात गेले. सतार ते रविशंकरांकडे शिकलेले, तबला अल्लारखाँकडे. त्यांच्या जागी त्रिलोक आले. भजनी मंडळातला जुना मृदंगवाला गेला की नव्याकडे गाव कसं पाहतं, हे आपल्याला सांगायला नको. त्रिलोकनी मात्र १९८७ च्या ‘इकोटोपिया’सह तीन अल्बम बँडसोबत केले, तेही आपल्याच ढंगानं. स्टूल नाही, जमिनीवर गुडघे टेकून बसायचं, तबला आणि ड्रम एकत्र मांडायचे, शेजारी पाण्याची बादली. वाजती झांज तीत बुडवली की तिचा सूर वाकतो.