आधी पुस्तक, मग पितळी पत्रा

विमानांच्या छोट्या प्रतिकृती बांधणाऱ्यांच्या बाजारात तीन गोष्टी शेजारीशेजारी विकल्या जातात : प्लॅस्टिकचे किट, त्याला लावायचे रेझिनचे किंवा पितळी पत्र्याचे जादा भाग, आणि खऱ्या विमानांची माहिती देणारी पुस्तके. यांचा क्रम सहसा असा सांगितला जातो, की कारखानदाराने किट काढले, त्यात उणिवा राहिल्या, त्या भरून काढायला जादा भाग आले आणि पुस्तके हौसेखातर त्यांच्या मागोमाग आली. या धंद्याचा इतिहास तपासला तर क्रम उलटा निघतो. साच्यात उणीव पहिल्यापासून होतीच. पण ती उणीव आहे हे गिऱ्हाइकाला पुस्तकाने शिकवले, आणि पुस्तकाने जे दाखवले तेच पुढे भाग म्हणून विकले गेले.

सुरुवातीच्या किटांकडे पाहा. इंग्लंडमध्ये ‘फ्रॉग’ने १९३६ साली सेल्युलोज ॲसिटेटची किटे ‘पेंग्विन’ या नावाने आणली. कंपनीची इतर विमाने उडत, ही उडत नसत, म्हणून न उडणाऱ्या पक्ष्याचे नाव. प्रमाण १/७२, म्हणजे सहा फुटांना एक इंच. ते त्याआधी ‘स्कायबर्ड्स’च्या लाकडी किटांनी रूढ केले होते. महायुद्धाने त्यावर सरकारी शिक्का मारला. १९४२ साली अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून याच प्रमाणात पाच लाख प्रतिकृती मागवल्या. त्या काळ्या रंगवल्या जात आणि सैनिकांना विमाने ओळखायला शिकवण्यासाठी वापरल्या जात : पस्तीस फुटांवरची अशी प्रतिकृती पाऊण किलोमीटरवरच्या खऱ्या विमानाएवढी दिसते. तिथे बाह्यरेषा बरोबर असली की काम झाले. ही सवय शांततेच्या काळातही टिकली. ‘एअरफिक्स’चे पहिले स्पिटफायर १९५०च्या दशकात ‘ऑरोरा’ या अमेरिकी कंपनीच्या मोठ्या किटावरून बेतलेले होते आणि त्याच्या चुका त्यात जशाच्या तशा उतरल्या होत्या. तरीही दोन शिलिंगांचे ते किट खपले, कारण बहुतेक मुलांकडे ताडून पाहायला काही नव्हते.

ते साधन १९६५च्या सुमारास हातात आले. ‘प्रोफाइल’ प्रकाशनाने एकेका विमानावर पातळ पुस्तिका काढायला सुरुवात केली. पहिली एस.ई.५ए या पहिल्या महायुद्धातल्या लढाऊ विमानावर होती आणि किंमत दोन शिलिंग, म्हणजे साध्या किटाएवढीच. प्रत्येकीत वेगवेगळ्या तुकड्यांच्या विमानांची रंगीत पार्श्वचित्रे असत. आता हे लक्षात घ्या, की या हौसेला पूरक माल पुरवणाऱ्या छोट्या धंद्यांत आघाडी कॉकपिटच्या भागांनी घेतली नाही. ती डीकलने, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणांनी आणि आकड्यांनी घेतली. इंग्लंडमध्ये ‘मॉडेलडीकल’ आणि अमेरिकेत ‘मायक्रोस्केल’ याच मालावर नावारूपाला आले. पुस्तकाने रंग आणि खुणा दाखवल्या, बाजाराने रंग आणि खुणा विकल्या. पुढे पुस्तकांचे रूप बदलले. बर्ट किंझी यांच्या ‘डिटेल अँड स्केल’ मालिकेने कॉकपिट, चाकांचे कप्पे आणि इंजिने यांची जवळून घेतलेली छायाचित्रे छापली, आणि त्याच काळात रेझिनची आसने आणि कोरीव पितळी पत्र्यांचे भाग दुकानांत दिसू लागले. चेकोस्लोव्हाकियातल्या मोस्त शहरात १९८९ साली सुरू झालेल्या ‘एडुआर्ड’ने अशा पत्र्यांवरच नाव कमावले. त्याच देशात, प्राग शहरात, खऱ्या विमानांचा कानाकोपरा दाखवणारी पुस्तके काढणारे छोटे प्रकाशकही उभे राहिले. हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

यावर कोणी म्हणेल, की हे सारे तंत्रज्ञानाने घडवले : सिलिकॉन रबराचे साचे आणि पत्रा आम्लाने कोरण्याची पद्धत स्वस्त झाली, म्हणून भाग आले. तंत्राशिवाय भाग आले नसते हे खरेच. पण ब्रिटनमधले छोट्या रेल्वेचे हौशी कोरीव पितळ १९७०च्या दशकातच वापरत होते. तंत्र शेजारच्या घरात असूनही विमानवाल्यांनी त्याची खरी मागणी पुढच्या दशकात केली. तंत्राने शक्यता दिली, मागणी दिली नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : पुस्तकेच चुकीची असली तर? चुका भरपूर होत्या. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर निळा फिकट आणि पिवळा गडद येतो. अशा कृष्णधवल छायाचित्रांवरून रंग ठरवताना भलेभले फसले, आणि तो फसवा रंग डीकलमधून हजारो कपाटांत पोचला. पण चूक दाखवली कोणी? बहुतेक वेळा दुसऱ्या पुस्तकाने. मेरिक आणि हिचकॉक यांचा जर्मन विमानांच्या रंगांवरचा १९८०चा ग्रंथ घ्या. मूळ कागदपत्रे आणि रंगांचे नमुने यांच्या आधारे रचलेला हा ग्रंथ मॉडेल बांधणाऱ्यांच्या टेबलावर वाढला, आणि पुढच्या संशोधनाने त्यालाही दुरुस्त्या सुचवल्या. एडुआर्डलाही हीच कसोटी लागली. त्यांचे २०१४चे मेसरश्मिट बीएफ १०९जी-६ प्रमाणापेक्षा मोठे निघाले. लोकांनी मोजमापे पुढे ठेवली, आणि कंपनीने २०१६ साली नवा साचा काढला. पोलादी साचा टाकून देणे ही महागडी गोष्ट आहे. असा बारीकसारीक तपशील तपासणाऱ्या ‘रिव्हेट मोजणाऱ्यां’ना जे हसतात, त्यांनी कारखान्याला चूक मान्य करायला लावण्याचे हे बळ कुठून आले याचा विचार करावा.

आपल्यासाठी यातून एक काम निघते. कुर्ट टँक यांनी आधी जर्मनीत फोक-वुल्फ १९० आखले, मग बंगळूरला एचएएलमध्ये एचएफ-२४ मारुत. मारुत १७ जून १९६१ रोजी प्रथम उडाले. जगभरचे हौशी त्यांच्या जर्मन विमानाचा बोल्ट न् बोल्ट ओळखतात. मारुत मात्र मुंबईत वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरमध्ये उभे आहे. कोणी चांगले किट काढेल याची वाट पाहण्यापेक्षा मुंबईतल्या हौशी मंडळींनी रीतसर परवानगी घेऊन त्याचा प्रत्येक पत्रा, झडप आणि चाकाचा कप्पा मोजावा, छायाचित्रे काढावीत आणि ती मराठीत, इंग्रजीत छापावीत.