नाचणारीचं भाड्याचं घर

नाचून पोट भरणाऱ्या बाईला मुंबईत खोली मिळणं पहिल्यापासून अवघड होतं, असं लोक धरून चालतात. ते खरं नाही. पूर्वी तिला खोली शोधावीच लागत नसे, कारण ती जिथे नाचायची तिथेच राहायची. राहतं घर आणि कामाची जागा वेगळी झाली ती डान्स बारच्या काळात, आणि तेव्हाच ती पहिल्यांदा चारचौघांच्या इमारतीत भाडेकरू म्हणून उभी राहिली. हा बदल मी धंद्यातून पाहिला. माझे वडील ग्रँट रोड-खेतवाडी भागातल्या एका घरमालकाचे मेहता, म्हणजे दर महिन्याला चाळी फिरून भाडं गोळा करणारे. मी मीरा रोडला खोल्या भाड्याने लावून देणारा एजंट. दोघांनी मिळून या बायांचा जवळजवळ सगळा काळ पाहिला असं म्हणायला हरकत नाही.

वडिलांच्या फेरीत केनेडी ब्रिजच्या आसपासच्या इमारती येत. काँग्रेस हाऊस तिथलंच. स्वातंत्र्यचळवळीत ते मुंबई काँग्रेसचं मुख्य ठाणं होतं, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तिथे माणसांची रीघ लागलेली असे. त्याला लागून गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायांची वस्ती वाढली आणि पुढे 'काँग्रेस हाऊस' म्हटलं की मुंबईकराला मुजराच आठवू लागला. एका खोलीत गादी, तबला, सारंगी, पेटी. आतल्या खोलीत चूल, पाळणा, आजारी म्हातारी. संध्याकाळी बाहेरची खोली मैफलीची, सकाळी तिथेच मुलं अभ्यासाला बसलेली. वडील या बायांना 'बाई' म्हणत आणि त्या त्यांना 'मेहताजी'. भाडं वेळेवर द्यायच्या, असं ते नेहमी सांगत. पावती मात्र नीट जपून ठेवत, कारण पावती हाच त्यांचा कायदेशीर आधार होता.

आणि तो आधार भक्कम होता. मुंबईत भाडेनियंत्रण पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली आलं. १९४७ च्या भाडे कायद्याने १ सप्टेंबर १९४० चं भाडं हे प्रमाण धरलं आणि भाडेकरूला काढणं मालकाच्या मर्जीवर ठेवलं नाही. शेजाऱ्यांना उपद्रव होतो म्हणून खोली खाली करून मागता येत असे, पण ते कोर्टात सिद्ध करावं लागे. जागेचा अनैतिक कामासाठी वापर हे कारण सांगायचं तर नुसता संशय पुरत नसे, त्या गुन्ह्यात शिक्षा झालेली असावी लागे. नाचणाऱ्या बाईच्या बाजूने कायद्याने उभी केलेली ही भिंत होती. आई गेली की पावती मुलीच्या नावावर होई. मुंबईत कितीतरी नोकरदार कुटुंबांना जी स्थिरता मिळाली, तीच या बायांनाही मिळाली, आणि त्यात काही वावगं आहे असं त्या काळच्या मेहत्यांना वाटत नव्हतं.

गोव्याहून आलेल्या कलावंतिणींचं थोडं निराळं. गिरगाव-खेतवाडीतली त्यांची बिऱ्हाडं बहुधा यजमानाच्या आधाराने चालत आणि तिथे नाचापेक्षा गाण्याला मान. पुढे त्यांच्या गोमंतक मराठा समाजाच्या चळवळीने शिक्षण आणि लग्नाची वाट धरली, त्यामुळे त्या घरांचा इतिहास वेगळ्या दिशेने गेला. देशावरच्या कोल्हाटी बायांचं मात्र, नाच आणि घर एकाच जागी एवढ्यापुरतं, काँग्रेस हाऊससारखंच. संगीतबारीची, म्हणजे थिएटरात लावणी करणाऱ्या बायांची, पार्टी थिएटरच्या आवारातल्या खोल्यांत राहायची आणि तिथेच बारी लावायची. पुण्याचं आर्यभूषण असो नाहीतर मोडनिंब, चौफुला, जामखेडची कला केंद्रं, खोलीचं वेगळं भाडं नसे, मालक कमाईतला वाटा घेई. बाईच्या डोक्यावर छप्पर होतं, पण ते नाचण्याला बांधलेलं. नाच थांबला की खोली गेली. काँग्रेस हाऊसच्या पावतीवाल्या बाईत आणि थिएटरातल्या बाईत हा मोठा फरक होता, आणि लावणीवर लिहिणाऱ्यांनी त्याकडे हवं तितकं लक्ष दिलेलं नाही असं माझं मत आहे. नाचाचा ठेका, अदा, घराणी यांवर पानंच्या पानं लिहिली गेली. ती बाई म्हातारपणी कुठे झोपणार, यावर फार थोडं.

सत्तरीच्या अखेरीस आणि ऐंशीच्या दशकात बारमध्ये नाच आला. मुजऱ्याला येणारा पैसेवाला गिऱ्हाईक आता गार हवेच्या बारमध्ये बसून सिनेमाच्या गाण्यावरचा नाच पाहू लागला. पोलिसांकडून करमणुकीचे परवाने मिळत होते, सरकारला महसूल मिळत होता. कोठ्यांवरच्या मुली बारकडे वळल्या. तमाशाची थिएटरं ओस पडत गेली तशा सोलापूर-नगरकडच्या मुलीही आल्या. राजस्थान, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशातल्या बेडिया, नट, कंजर अशा पिढीजात नाचणाऱ्या जमातींतून तर मोठ्या संख्येने आल्या. बार रात्री दीडला बंद व्हायचा आणि तिथे राहायची सोय नव्हती. मग राहायचं कुठे?

त्याच सुमारास मीरा रोडला खाडीच्या बाजूने नव्या इमारती भराभर उठत होत्या. चार मजले, लिफ्ट नाही, पाणी टँकरचं. आम्ही गिरगावकर तिथे गेलो, कारण गिरगावातल्या खोलीच्या पागडीत तिथे दोन खोल्या येत. डान्सर तिथे आल्या, कारण भाडं परवडत होतं आणि हायवेने टॅक्सी सरळ येत होती. नालासोपारा, उल्हासनगर, मालवणी, नव्या मुंबईतले काही भाग इथेही अशीच वस्ती झाली.

मी एजंटचं काम सुरू केलं तेव्हा या मुलींच्या गरजा कुणी सांगत नव्हतं, त्या विचारून समजून घ्याव्या लागल्या. गल्लीच्या टोकाची इमारत त्यांना नको असे, कारण पहाटे तीनला रिक्षातून उतरून अंधारात चालायचं कोण? नळाला पाणी पहाटे पाचला येणारी खोली निरुपयोगी, कारण तेव्हा त्या नुकत्या झोपलेल्या असत. वर टाकी असलेली इमारतच पाहावी लागे. कपड्यांचं मोठं कपाट हवं, कारण भारी घागरे घडी घालून ठेवता येत नाहीत. मुलं सांभाळायला आई किंवा मावशी बरोबर, म्हणून एका खोलीत भागत नसे. आणि जिन्यात दिवसाच्या वेळी चेहरे ओळखणारं कुणी नको. ही शेवटची गरज कुठल्याही खोलीत पुरी होत नव्हती.

कायदा तोवर बदलला होता. १९७३ साली दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारीला ताब्यात असलेल्या लायसन्सधारकांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. त्यातून मालक एकच धडा शिकले: यापुढे कुणालाही पक्कं बसू द्यायचं नाही. अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स रूढ झालं. पुढे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने मुदत संपल्यावर न हलणाऱ्याकडून दुप्पट भरपाई वसूल करायची तरतूद पक्की केली. हे सगळ्यांनाच लागू, बँकेतल्या कारकुनालाही. पण कारकुनाचा करार पुन्हा होतो. डान्सरचा होत नसे. १९४७ च्या कायद्यात मालकाला जे कोर्टात सिद्ध करावं लागायचं, ते आता नुसतं 'रिन्यू करणार नाही' म्हणून साधत होतं. वडिलांच्या काळातल्या बाईची खोली पावतीवर उभी होती, माझ्या काळातल्या मुलीची दुसऱ्याच्या मर्जीवर. आमच्या धंद्यातला हा सगळ्यात मोठा बदल, आणि त्याचा सगळ्यात जास्त मार या बायांवर पडला.

मालकाला खरं सांगितलं तर खोली नाही, खोटं सांगितलं तर करार कच्चा. म्हणून व्यवसायाच्या रकान्यात 'ब्यूटिशियन' किंवा 'शिवणकाम' लिहिलं जाई, सही भावाची किंवा एखाद्या ओळखीच्या पुरुषाची असे. दोन हजारांची खोली तीन हजारांना जाई आणि अनामतही जास्त. लाईनीतले काहीजण दलाली दोन महिन्यांची घेत. मालक मला १९५६ च्या अनैतिक व्यापार कायद्याची भीती सांगत. तो कायदा जाणूनबुजून कुंटणखान्याला जागा देणाऱ्या मालकाला शिक्षा करतो हे खरं. पण बारमध्ये परवान्याने नाचून घरी येऊन झोपणारी बाई म्हणजे कुंटणखाना नव्हे, हे मी किती वेळा समजावलं त्याला गणती नाही. पुष्कळांना ते समजतही होतं. त्यांना शेजाऱ्यांची भीती होती.

एका इमारतीतली गोष्ट सांगतो. धोलपूरकडची एक बाई आई आणि दोन मुलांसह तिथे राहत होती. करार दोनदा नवा झाला, कुणाची तक्रार नव्हती, तिची आई तर सत्यनारायणाला शेजारणींबरोबर बसायची. मग कमिटीच्या एका सभासदाने सांगितलं की त्याने तिला बारमध्ये नाचताना पाहिलंय. मीटिंग झाली, तिला काढायचा ठराव झाला. तो स्वतः तिथे कशाला गेला होता, हे त्याला कुणी विचारलं नाही. मी विचारलं, तर मला बाहेर बसायला सांगितलं. परीक्षेच्या तोंडावर त्या मुलांची शाळा सुटली. आजही त्या इमारतीवरून जाताना मला राग येतो, आणि तो यावाच असं मला वाटतं.

३० मार्च २००५ ला तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी विधानसभेत डान्स बार बंद करण्याची घोषणा केली. मुंबई पोलीस कायद्यात ३३ अ आणि ३३ ब ही कलमं घातली गेली, आणि १५ ऑगस्ट २००५ पासून बंदी लागू झाली. तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना, जिमखान्यांना सूट होती. वर्षा काळे यांच्या बारगर्ल्स युनियनने मोर्चे काढले, संशोधक संस्थांनी पाहण्या केल्या. वर्तमानपत्रांत नीती-अनीतीची चर्चा चालली. मीरा रोडच्या माझ्या गाळ्यात चर्चा वेगळी होती: अनामतीतून भाडं वळतं करून घ्याल का? दोन-तीन महिन्यांत अनामती संपल्या. कुणी नालासोपाऱ्याच्या चाळीत गेल्या, कुणी दुबई-बहारीनला, कुणी गावी. काहीजणी ज्या कामाला गेल्या, ते त्यांनी बारमध्ये असताना कधी केलं नव्हतं.

राज्यातल्या रहिवासी मुलींचंच पुनर्वसन, असा सरकारचा सूर होता. रहिवासाचा पुरावा आणायचा कुठून? करार भावाच्या नावावर, रेशनकार्ड गावचं, घरमालक लिहून द्यायला तयार नाही. वर्षानुवर्षं भाडं भरूनही ही बाई महाराष्ट्राच्या कागदावर कुठेच नव्हती. लोक म्हणायचे, या बाहेरच्या. इथे जन्मलेली त्यांची मुलं इथल्या शाळेत मराठी शिकत होती.

त्याच वर्षी, घोषणेनंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, १५ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात निकाल दिला की आपल्या समाजापुरतंच सभासदत्व ठेवायचा नियम संस्था करू शकते. तो खटला सभासदत्वाचा, भाडेकरूंचा नव्हे. पण 'कोण आपल्यात राहील ते आम्ही ठरवू' हे म्हणण्याचं बळ त्याने कमिट्यांना दिलं, हे मी मीटिंगांमधून ऐकलं आहे.

बंदीचा खटला लांबला. १२ एप्रिल २००६ ला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, पण अपिलामुळे ती प्रत्यक्षात चालूच राहिली. १६ जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तोच निकाल कायम केला, आणि ७५,००० हून अधिक स्त्रिया बेकार झाल्याचं त्यात नमूद केलं. २०१४ मध्ये पुन्हा बंदी, २०१५ मध्ये तिला स्थगिती, २०१६ मध्ये नवा कडक कायदा, १७ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्यातल्या अनेक अटी रद्द. त्या निकालातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली: बाईशी लेखी करार आणि तिचे पैसे बँकेच्या खात्यात, ही अट न्यायालयाने राहू दिली. खोली शोधणाऱ्या बाईच्या हाती पहिल्यांदा स्वतःच्या नावाचा उत्पन्नाचा कागद येण्याची शक्यता त्यात होती. पण तोवर बार उरले होते किती? बहुतेकजणी चाळिशी ओलांडून गेल्या होत्या.

व्यवसाय पाहून भाडेकरू नाकारणाऱ्या खासगी मालकाला रोखणारा कायदा आपल्याकडे आजही नाही. तो व्हावा असं माझं स्पष्ट मत आहे, आणि नुसत्या डान्सरसाठी नव्हे. पण सोसायटीच्या कमिट्यांना एक गोष्ट आजच सांगता येते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या सुधारलेल्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने घर भाड्याने देताना संस्थेला आठ दिवस आधी कळवायचं असतं, पूर्वपरवानगी घ्यायची नसते. संस्थेला बिनभोगवटा शुल्क घेता येतं, तेही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही. भाडेकरू बाई रात्री कुठे काम करते यावर ठराव करण्याचा अधिकार त्यांत कमिटीला दिलेला नाही. कमिटीवर बसणाऱ्यांनी पुढची मीटिंग बोलावण्याआधी आपल्या संस्थेचे उपविधी काढून वाचावेत.