‘/डेव्ह/यूरॅन्डम’ची कुळकथा

लिनक्सच्या कमांड लाइनवर ‘हेड’ या आज्ञेने ‘/डेव्ह/यूरॅन्डम’ नावाच्या फाइलीतून 32 बाइट वाचले की कोणालाही आधी ओळखता न येणारे 256 बिट हाती येतात, आणि एखादी गुप्त किल्ली घडवायला ते पुरतात. ही फाइल डिस्कवर कोठेही साठवलेली नसते. उपकरणेही फाइलीसारखीच वाचता यावीत या यूनिक्सच्या जुन्या संकेताला अनुसरून कर्नलने, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याने, उघडून ठेवलेले ते एक दार आहे.

संगणक नियमाने चालतो, हीच येथे मूळ अडचण आहे. सूत्राने काढलेले आकडे कितीही विस्कळीत दिसले, तरी ज्या आरंभीच्या संख्येपासून ते निघतात ती, म्हणजे त्यांचे ‘बीज’, कळले की सारी मालिका उलगडते. नेटस्केप ब्राउझरचे बीज घड्याळातील वेळ आणि दोन प्रक्रिया-क्रमांक एवढ्यावरच बेतलेले असल्याचे इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी 1995 मध्ये दाखवले, तेव्हा तशा बीजावरचा भरवसा किती पोकळ होता हे उघड झाले.

त्याच्या आदल्याच वर्षी थिओडोर त्सो यांनी लिनक्ससाठी वेगळा मार्ग काढला होता. कळा केव्हा दाबल्या गेल्या, माउस केव्हा हलला, डिस्कने उत्तर द्यायला किती वेळ लावला, या घटनांमधील सूक्ष्म कालांतरे बाहेरच्या माणसाला मोजता येत नाहीत. ती कर्नलमधील एका साठ्यात घुसळायची आणि त्या साठ्यातून आकडे काढायचे, अशी ही योजना होती. अमेरिकेत त्या काळी कूटलेखनाच्या निर्यातीवर कडक निर्बंध होते, म्हणून त्यांनी मजकूर कुलूपबंद करणारे कूट वापरले नाही, तर कोणत्याही मजकुराचा ठरावीक लांबीचा ठसा काढणारे हॅश-गणित वापरले.

या साठ्याला दोन दारे ठेवण्यात आली. साठ्यातील अनिश्चितता, म्हणजे एन्ट्रॉपी, संपत आल्याचा अंदाज होताच ‘/डेव्ह/रॅन्डम’ वाचणाऱ्याला थांबवून ठेवी. ‘यूरॅन्डम’ मात्र अखंड वाहत राही. हॅश-गणितच कधी फुटले तर निदान एक दार सुरक्षित राहावे, ही त्यामागची सावधगिरी प्रामाणिक होती. परंतु पुरेशी अनिश्चितता एकदा जमली की ती वाचल्याने आटते ही समजूत चुकीची होती, आणि तिच्यापायी कळफलक वा माउस नसलेल्या सर्व्हरांवर कार्यक्रम विनाकारण अडकून पडत. खरा धोका आरंभीच्या क्षणांत होता. यंत्र नुकतेच सुरू झालेले, साठा रिकामा, आणि ‘यूरॅन्डम’ तरीही आकडे देतच असे. नादिया हेनिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 2012 मध्ये राउटरसारख्या अनेक उपकरणांच्या किल्ल्या एकमेकींशी जुळताना आढळल्या, त्यामागे ही उणीव मोठे कारण होती.

2014 मध्ये लिनक्समध्ये आलेली ‘गेटरॅन्डम’ ही सोय साठा पहिल्यांदा भरेपर्यंतच थांबते, नंतर कधीच नाही. वीस वर्षांपूर्वीच हवी होती ती हीच वागणूक. 2016 मध्ये ‘यूरॅन्डम’च्या गाभ्यात चाचा-20 हे कूट आले, म्हणजे निर्यातबंदीने ज्याला बाहेर ठेवले होते ते अखेर आत आले. 2020 मध्ये ‘रॅन्डम’नेही वरचेवर अडणे सोडले, आणि 2022 मध्ये जेसन डोनेनफेल्ड यांनी दोन्ही दारे पूर्णपणे एकरूप करून पाहिली, परंतु त्यामुळे काही यंत्रे सुरूच होईनात, म्हणून तो बदल मागे घेण्यात आला.