समांतर आज्ञावलीत थ्रेड-क्षमतेची पडताळणी

हवामानाचा अंदाज किंवा खगोलशास्त्रीय निरीक्षणांचे विश्लेषण यांसाठी लागणारी प्रचंड आकडेमोड अनेक संगणकांवर वाटून केली जाते. या संगणकांवरील प्रक्रियांनी परस्परांना संदेश कसे पाठवावेत, याचे सर्वमान्य मानक म्हणजे मेसेज पासिंग इंटरफेस अर्थात एमपीआय. त्याची पहिली आवृत्ती १९९४ मध्ये जाहीर झाली.

एका प्रक्रियेत एकाच वेळी अनेक थ्रेड, म्हणजे कामाचे स्वतंत्र प्रवाह, चालू शकतात. ते सामायिक स्मृती वापरतात. त्यांनी एमपीआयचा वापर कसा करावा, यासाठी १९९७ च्या एमपीआय-२ मध्ये चार चढत्या पातळ्या ठरवण्यात आल्या.

सिंगल : प्रक्रियेत एकच थ्रेड असतो.
फनेल्ड : थ्रेड अनेक, मात्र एमपीआयचा वापर केवळ मुख्य थ्रेड करतो.
सिरियलाइज्ड : कोणताही थ्रेड वापर करू शकतो, परंतु एका वेळी एकच.
मल्टिपल : सर्व थ्रेडना एकाच वेळी मुभा असते.

आज्ञावलीच्या आरंभी ‘एमपीआय इनिट थ्रेड’ या फंक्शनद्वारे आवश्यक पातळी मागितली जाते आणि प्रत्यक्ष मिळालेली पातळी तेच फंक्शन कळवते. मागणीपेक्षा खालची पातळी मिळाल्यास ती त्रुटी मानली जात नाही. आज्ञावली पुढे चालूच राहते. मिळालेली पातळी न तपासता थ्रेड मोकळे सोडल्यास आज्ञावली मध्येच खोळंबते, बंद पडते किंवा चुकीचे उत्तर देते. यातील चुकीचे उत्तर सर्वाधिक घातक, कारण ते सहसा लक्षात येत नाही.

यावर उपाय सोपा आहे. पातळ्या चढत्या क्रमाच्या अंकांनी दर्शविल्या जात असल्याने मागितलेली व मिळालेली पातळी यांची थेट तुलना करता येते. मिळालेली पातळी कमी असल्यास आज्ञावली स्पष्ट सूचना देऊन थांबवावी अथवा सर्व संदेश मुख्य थ्रेडमार्फत पाठवावेत. एमपीआयचा आरंभ स्वतः न करणाऱ्या लायब्ररीला ‘एमपीआय क्वेरी थ्रेड’ या फंक्शनद्वारे पातळी विचारता येते. सर्वोच्च पातळीसाठी अंतर्गत कुलपे लागत असल्याने वेग घटू शकतो. म्हणून गरजेपुरतीच पातळी मागणे हितावह ठरते.

राष्ट्रीय महासंगणन अभियानांतर्गत विकसित झालेले ‘परम रुद्र’ महासंगणक सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली व कोलकाता येथे राष्ट्राला समर्पित करण्यात आले. संशोधकांच्या आज्ञावल्या एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेल्या जातात आणि तेथील एमपीआयची मांडणी वेगळी असू शकते. त्यामुळे एका ठिकाणी बिनचूक चाललेल्या आज्ञावलीतही ही पडताळणी प्रत्येक वेळी होणे आवश्यक आहे.