पाली एक, लिप्या अनेक : वंदना म्हणताना उच्चार कुठे बदलतात?

आज अनेक तरुण बुद्धवंदना मोबाईलवर इंग्रजी अक्षरांत वाचतात. विहारात मात्र आजी-आजोबा तीच वंदना तोंडपाठ म्हणतात. दोघांचे उच्चार जुळत नाहीत, आणि मग "तुझं चुकतंय" अशी टोकाटोकी सुरू होते. नेमकं काय चुकतं आणि काय नुसतं वेगळं असतं, हे समजून घ्यायला हवं.

पालीला स्वतःची लिपी नाही

तिपिटक आधी मौखिक परंपरेने जपलं गेलं आणि इ.स.पूर्व पहिल्या शतकात श्रीलंकेत लिहून काढलं गेलं. पुढे प्रत्येक देशाने पाली आपापल्या लिपीत लिहिली : सिंहली, बर्मी, ख्मेर, थाई. 1881 साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या पाली टेक्स्ट सोसायटीने ती रोमन लिपीत छापली. देवनागरीत संपूर्ण तिपिटक भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली 1956 ते 1961 या काळात नालंदाहून 41 खंडांत आलं.

सम्राट अशोकांनीही एकाच लिपीचा आग्रह धरला नाही. सोपाऱ्याचा शिलालेख ब्राह्मीत आहे, शाहबाजगढीचा उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या खरोष्ठीत, तर कंदहारला ग्रीक आणि अरामाईक. जिथले लोक, तिथली लिपी.

पालीचे वर्ण

कच्चायनाच्या व्याकरणानुसार पालीत 41 वर्ण आहेत : 8 स्वर आणि 33 व्यंजनं. ऋ, ऐ, औ, विसर्ग, श आणि ष हे वर्ण पालीत नाहीत. म्हणून संस्कृत 'शरण' पालीत 'सरण', 'शील' पालीत 'सील'. वंदनेत 'शरणं' म्हणणं म्हणजे नकळत संस्कृतकडे वळणं. 'ळ' मात्र पालीत आहे : पाली 'सोळस', मराठी 'सोळा'. प्रमाण हिंदीत 'ळ' नाही, तिथे 'सोलह' होतं. या बाबतीत मराठी माणसाची जीभ पालीच्या जवळची आहे.

देवनागरी वाचतानाही फसगत

लिपी ओळखीची असली, तरी वाचण्याची सवय मराठीची असते.

- मराठी-हिंदीत आपण मधला 'अ' गिळतो. 'वेरमणी'चं 'वेर्मणी' आणि 'भगवतो'चं 'भग्वतो' होतं. पालीत प्रत्येक अक्षर पूर्ण म्हणायचं : वे-र-म-णी, भ-ग-व-तो.
- मराठीत 'झालं', 'केलं' यांतला अनुस्वार नाकात जात नाही, फक्त 'अ' लांबतो. 'बुद्धं', 'धम्मं' मात्र तसं वाचायचं नाही, तिथे अनुनासिक ऐकू यायला हवा.
- मराठीत 'च' दोन प्रकारचा : 'चार'मधला आणि 'चाक'मधला. पालीत 'चार'मधला घ्यायचा. 'ज'चंही तसंच.
- मराठी शुद्धलेखनात शेवटची इकार-उकार दीर्घ लिहितात, म्हणून 'भिक्खु'चं 'भिक्खू' होतं. मराठी वाक्यात ते योग्य आहे, पण पाली पाठात ऱ्हस्व ठेवावं.

रोमन अक्षरांचा घोळ

रोमन पालीत अक्षराखालचा ठिपका आणि वरची आडवी रेघ यांना अर्थ आहे. ठिपका गेला की त आणि ट, न आणि ण सारखेच दिसतात. रेघ गेली की ऱ्हस्व-दीर्घ संपतं. 'सति' म्हणजे जागरूकता, ध्यानमार्गातला कळीचा शब्द. खुणेविना तो 'सती' असाच दिसतो! तसंच रोमन पालीत 'सी' हे अक्षर 'च'साठी असतं, 'क'साठी नाही. हे माहीत नसलं की 'पञ्च'चं 'पंका' होतं. शेवटचा 'ए' दिसला की 'बुद्ध'चं 'बुद्धा' आणि 'अशोक'चं 'अशोका' होतं. मोबाईलवरच्या मजकुरात या खुणा बहुधा नसतातच. म्हणून शिकताना देवनागरी पाठच समोर ठेवावा.

इतर देशांत

म्यानमारमध्ये 'स'चा उच्चार 'थ'कडे झुकतो, 'साधु' तिथे 'थाधु' ऐकू येतं. थायलंडमध्ये 'बुद्ध'चं 'फुत्थ' होतं. चिनी भाषेत बुद्धांना 'फो' म्हणतात, जपानीत 'बुत्सु'. तिथले उपासक चुकत नाहीत, ती त्यांच्या भाषेची वळणं आहेत.

शुद्धता की स्पष्टता?

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी तक्रार केली, की नाना जाती-कुळांतले भिक्खू बुद्धवचन बिघडवतात, तेव्हा ते छंदात बांधू या. भगवंतांनी त्यांना फटकारलं, असं बांधण्यास मनाई केली आणि स्वतःच्या भाषेत बुद्धवचन शिकण्याची अनुज्ञा दिली. ही 'स्वतःची भाषा' म्हणजे शिकणाऱ्याची की बुद्धांची, यावर टीकाकारांत मतभेद आहेत, पण छंदाला दिलेला नकार स्पष्ट आहे. उच्चाराच्या नावाखाली माणसाला हिणवणं ही ज्या व्यवस्थेची रीत होती, ती आपण विहारात आणायची नाही.

म्हणून बेफिकिरीही नको. बाबासाहेबांनी पाली व्याकरण आणि पाली शब्दकोशावर स्वतः काम केलं. शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या 16व्या खंडात ते आहे, त्यात पाली शब्दांचे इंग्रजी, मराठी, गुजराती आणि हिंदी अर्थही आहेत. 2024 मध्ये मराठीसोबत पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पण भाषा टिकते ती म्हणणाऱ्यांच्या तोंडी.

पुढच्या पौर्णिमेला विहारात वंदनेआधी दहा मिनिटं काढा. एकेक शब्द सावकाश म्हणा, त्याचा अर्थ सांगा. आजीचा उच्चार वेगळा असेल, तर आधी ऐका. वंदना आपल्यापर्यंत तिनेच पोहोचवली आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!