टप काढला तरी गाडी सरळ कशी राहते? मर्सिडीज २३० एसएलची गोष्ट



मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी मला थांबवून विचारलं, "मऊ गाडी वळणावर हेलकावते आणि वळणावर घट्ट बसणारी गाडी पाठ मोडते. मग दोन्ही सुखं एकाच गाडीत देतो म्हणणारे थापा मारतात का?" प्रश्न साधा आहे, पण उत्तरात तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास आहे. तो आज एका गाडीच्या निमित्ताने पाहू. ही गाडी म्हणजे मर्सिडीज-बेंझ २३० एसएल. मार्च १९६३ मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. दोन माणसांची, महागडी, टप काढता येणारी.

टप काढता येणारी, हे महत्त्वाचं. हे बुटांचं रिकामं खोकं मी मुद्दाम आणलंय. झाकण घट्ट लावून दोन्ही टोकांनी पिळून पाहतो. फारसं हलत नाही. आता झाकण काढतो. बघा, कसं वाकडंतिकडं होतंय. बंद गाडीचा टप हा नुसता ऊन-पाऊस अडवायला नसतो, तो गाडीला ताठ धरतो. तो काढला की खड्ड्यात चाक पडल्याबरोबर अख्खं अंग पिळवटतं. काच थरथरते, आरसा हलतो, स्टिअरिंगचा खांब हातात कापतो. जुन्या उघड्या गाड्यांत बसलेल्यांना हा अनुभव असेल.

आता थोडं मागे जाऊ, १९३६ मध्ये. मर्सिडीजच्या शर्यतीच्या गाड्या त्या वर्षी सपाटून हरत होत्या. तांत्रिक जबाबदारी आली रुडॉल्फ उलेनहाउट या तरुण इंजिनियरवर. जन्म लंडनचा, वडील जर्मन, आई इंग्रज. त्यांची खासियत अशी की ते शर्यतीची गाडी स्वतः चालवून बघायचे. नुरबुर्गरिंगवर फेऱ्या मारून त्यांना दोष सापडला. त्या काळी समज असा होता की वेगाची गाडी म्हणजे स्प्रिंगा कडकच हव्यात. प्रत्यक्षात स्प्रिंगा इतक्या कडक होत्या की त्या दबायच्याच नाहीत आणि त्यांच्याऐवजी चासी वाकायची. म्हणजे चाकांना सांभाळायचं काम चासी करत होती, आणि ते तिचं काम नव्हेच.

उलेनहाउट यांनी उलटं केलं. १९३७ च्या डब्ल्यू १२५ गाडीला लंबगोल पोलादी नळ्यांची ताठ चासी दिली आणि स्प्रिंगा मऊ केल्या. चाकाला वर-खाली जायला भरपूर जागा ठेवली. त्या वर्षीचं युरोपीय अजिंक्यपद रुडॉल्फ काराचिओला यांनी याच गाडीवर जिंकलं. धडा असा: अंग ताठ ठेवा, मग पाय मऊ ठेवता येतात. चाक रस्त्याला चिकटून राहिलं तरच ते गाडी वळवू शकतं आणि थांबवूही शकतं. खड्ड्यावरून उडालेलं चाक निरुपयोगी. म्हणजे आराम आणि ताबा हे एकमेकांचे वैरी नाहीत, दोघांचा पाया एकच आहे.

मग सगळं सोपं झालं का? नाही. मागची चाकं आडवी आली.

मर्सिडीजने १९३१ च्या १७० मॉडेलपासून मागे स्विंग ॲक्सल वापरला होता. एका अखंड दांड्यावर दोन्ही चाकं नसून दांड्याचे दोन भाग, मध्ये सांधा. पक्षी पंख हलवतो तसे ते वर-खाली होतात. डाव्या चाकाखाली दगड आला तर उजव्या चाकाला पत्ता लागत नाही. खडबडीत रस्त्यावर मोठं सुख! पण वळणावर ड्रायव्हर घाबरून अचानक ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो तेव्हा गाडीचा मागचा भाग वर उचलला जातो. मग ते पंख खाली झुकतात, बाहेरच्या बाजूचं चाक आत मुडपतं, टायर कडेवर उभा राहतो आणि पकड एका क्षणात जाते. मागचा भाग गर्रकन फिरतो.

१९५४ च्या ३०० एसएल गलविंगमध्ये हा स्वभाव होता. वर उघडणाऱ्या दारांची ही देखणी गाडी निष्णात हातातच शोभायची. म्हणून १९५७ मध्ये तिची उघडी रोडस्टर आवृत्ती आली तेव्हा मागचा सांधा बदलला. दोन सांध्यांऐवजी एकच, तोही डिफरन्शियलच्या खाली. सांधा खाली गेला, पंख लांब झाले, चाकाचं मुडपणं कमी झालं. जोडीला एक आडवी स्प्रिंग दिली. दोन्ही चाकं एकदम दबली की ती भार पेलते. वळणावर एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की ती मध्ये पडत नाही. त्यामुळे बाहेरच्या मागच्या चाकावर अकस्मात बोजा येत नाही.

आता जिनिव्हाच्या गाडीकडे येऊ. ३०० एसएल अतिवेगवान होती आणि १९० एसएल दिसायला सुंदर पण सौम्य. २३० एसएलला या दोघींची जागा एकटीने घ्यायची होती. तिचा तळ मोठ्या चार दारी गाडीचा होता, आखूड करून आणि मजबूत करून घेतलेला. टपाचा भार तळाने उचलायचा होता, म्हणून दाराखालच्या पोकळ पोलादी पेट्या महत्त्वाच्या. खोक्याला झाकण नसेल तर तळ जाड करायचा, इतकं ते सोपं. मधली पेटी कठीण ठेवून पुढचा-मागचा भाग अपघातात चुरगळून धक्का शोषेल, ही बेला बारेनी यांची रचनाही तिच्यात आली. मधे खोलगट असलेला काढता टपही बारेनींच्याच कल्पनेतला. त्यावरूनच लोक तिला 'पॅगोडा' म्हणू लागले. बाह्यरूप पॉल ब्राक यांचं.

ताब्यासाठी काय केलं? पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २.४० मीटर, पण डाव्या-उजव्या चाकांतलं जवळजवळ १.४९ मीटर. लांबीच्या मानाने गाडी ऐसपैस पाय फाकून उभी. खाली रेडियल टायर, मागे तोच खालच्या सांध्याचा स्विंग ॲक्सल. आणि स्प्रिंगा? स्पोर्ट्स गाडीच्या मानाने मऊ. हा १९३७ चाच धडा, फक्त आता कातडी खुर्चीसकट.

हे दाखवायला उलेनहाउट यांनी काय केलं बघा. जिनिव्हाजवळ आनमासच्या छोट्या वळणदार सर्किटवर ते स्वतः २३० एसएल घेऊन उतरले आणि ४७.५ सेकंदांत फेरी मारली. तिथेच फेरारीचे चालक माइक पार्क्स यांनी तीन लिटरच्या, बारा सिलिंडरच्या फेरारी २५० जीटीवर ४७.३ सेकंद घेतले. फरक ०.२ सेकंदांचा! सर्किट आखूड होतं, फेरारीला पळायला जागा नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तरीही १५० अश्वशक्तीची आरामशीर गाडी इतकी जवळ आली ती फक्त वळणांच्या जोरावर.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑयगेन ब्योरिंगर यांनी स्पा-सोफिया-लिएज ही रॅली याच गाडीवर जिंकली. बाल्कनमधले भयानक रस्ते आणि सुमारे साडेपाच हजार किलोमीटर. अशा रॅलीत आराम ही चैन नसते. धक्क्यांनी आंबलेला माणूस चुका करतो आणि डोंगरी रस्त्यावर चूक परवडत नाही.

पण मी गाडीचा भाट व्हायला आलेलो नाही. सांधा खाली नेल्याने दोष कमी झाला, गेला नाही. स्विंग ॲक्सल किती धोक्याचा ठरू शकतो यावर १९६५ मध्ये अमेरिकेत मोठा गदारोळ झाला. राल्फ नेडर यांच्या 'अनसेफ ॲट एनी स्पीड' या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण शेवरोले कॉर्व्हेअर गाडीच्या मागच्या चाकांवर होतं. मर्सिडीजनेही १९६८ मध्ये आपल्या नव्या मध्यम गाड्यांत तिरक्या आर्मची रचना आणली. पॅगोडाचं उत्पादन १९७१ मध्ये थांबलं, तेव्हा एकूण ४८,९१२ गाड्या बनल्या होत्या. तिच्या जागी आलेल्या एसएलमध्ये स्विंग ॲक्सल नव्हता. चांगला इंजिनियर आपल्याच आवडत्या उपायाला निरोप देतो, तो असा.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. अशी जुनी गाडी आज चालवून लोक म्हणतात, "अहो, ही तर खडखडते, त्या काळी असंच असायचं." थांबा. रबरी बुश साठ वर्षांचे असतील, शॉकअब्सॉर्बर मेलेले असतील, टायर दगड झाले असतील. सगळ्यात वाईट म्हणजे दाराखालच्या त्या पेट्या आतून गंजल्या असतील. वरून रंग चकचकीत, खोकं मात्र पुन्हा झाकण काढल्यासारखं लिबलिबीत. गाडी जॅकवर उचलल्यावर दार नीट लागेनासं झालं, तर समजा तळ थकलाय. अशा वेळी कडक स्प्रिंगा टाकून उपयोग नाही. ती १९३६ ची चूक होईल.

तर त्या श्रोत्यांना माझं उत्तर असं आहे. दोन्ही सुखं एका गाडीत मिळतात, थाप नाही. पण ती गादीत आणि स्प्रिंगेत शोधू नका. आधी खाली वाकून तळ बघा.

आता प्रश्न घेऊ. आणि हे खोकं मी इथेच ठेवतो, जाताना ज्यांना पिळून बघायचंय त्यांनी जरूर बघा.