नाव, विधी आणि वंशस्मृती : निजामशाहीतील हबशी आणि एक चित्रपट

ज्यूली डॅश यांच्या 'डॉटर्स ऑफ द डस्ट' (१९९१) या चित्रपटाचे कथानक १९०२ सालातील आहे. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यालगतच्या बेटावर राहणारे पेझंट कुटुंब उत्तरेकडे स्थलांतर करण्याच्या तयारीत आहे. कुटुंबातील वृद्ध नाना पेझंट पूर्वजांच्या खुणा एकत्र बांधते आणि निरोपाच्या विधीत प्रत्येकाने त्या खुणांना ओठ लावावेत असा आग्रह धरते. गुलामगिरीने वंशावळी मोडून टाकलेल्या समाजात विधी हाच दप्तराचे काम करतो, हे या चित्रपटाचे प्रमुख सूत्र होय. या सूत्राच्या आधारे अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) इतिहासाकडे पाहिले असता एक वेगळाच प्रश्न उपस्थित होतो. हिंदी महासागरामार्गे दख्खनेत आलेल्या आफ्रिकनांना येथे सत्ता मिळाली. परंतु त्यांच्या घरातील स्मृतीचे काय झाले?

मलिक अंबर (सुमारे १५४८–१६२६) हे या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. इथिओपियात जन्मलेल्या या मुलाचे मूळ नाव 'चापू' असल्याचे सांगितले जाते. 'अंबर' हे नाव त्याला गुलामीत मिळाले. अंबर, काफूर, याकूत ही गुलामांची नावे सुगंधी द्रव्यांची वा रत्नांची असत. म्हणजे नाव ठेवणे हाच मालकीचा विधी होता. डॅश यांच्या चित्रपटात याची नेमकी उलटी बाजू दिसते. तेथील 'मायओन' आणि 'आयोना' या नावांतून 'माझी स्वतःची', 'ती माझी आहे' असा अर्थ ध्वनित होतो. ज्यांच्या पूर्वजांवर दुसऱ्यांची मालकी होती, त्यांनी आपल्या लेकींच्या नावांतूनच स्वामित्व परत मिळविले. अंबरने मात्र मिळालेले नाव टाकले नाही. ते त्याने पराक्रमाने मोठे केले.

नगरच्या दरबारातील चंगेजखान या पेशव्याने अंबरला विकत घेतले. तो स्वतः हबशी मुळाचा होता. येथील गुलामी अटलांटिकपलीकडील मळ्यांवरच्या गुलामीहून निराळी होती. लष्करी सेवेतील गुलामाला मुक्ती, जहागीर आणि विवाह यांच्या वाटा खुल्या होत्या. दख्खनी व हबशी सरदार एका बाजूला आणि इराण-तुराणातून आलेले परदेशी दुसऱ्या बाजूला, अशी दरबारातील फळी होती. १६०० साली मोगलांनी नगरचा किल्ला घेतल्यावर अंबरने निजामशाही वंशातील एका मुलाला परांडा येथे गादीवर बसविले आणि आपली मुलगी त्याला दिली. या विवाहाने गुलाम राजाचा सासरा झाला.

परंतु विधीने जे दिले ते अस्मितेने सहज स्वीकारले नाही. एका डच व्यापाऱ्याच्या वृत्तांतानुसार राजाच्या इराणी पत्नीने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणविले आणि या कलहाचा शेवट राजा व राणी यांच्या विषप्रयोगाने झालेल्या मृत्यूत झाला. हा वृत्तांत ऐकीव असला तरी त्यातील शब्दाचे महत्त्व कमी होत नाही. विवाहाने पुसलेला जन्म एका शिवीने परत उभा राहिला.

दरबारी संहितांतही हाच दुभंग आहे. जहांगीराच्या आठवणींत अंबरच्या वर्णाचा तिरस्कार आहे आणि अबुल हसनच्या चित्रात बादशहा भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या शिरावर बाण सोडताना दिसतो. उलट १६२४ च्या भातवडीच्या लढाईचे वर्णन करणारे परमानंदाचे 'शिवभारत' अंबरबद्दल आदराने बोलते. शहाजी व शरीफजी या लढाईत अंबराच्या बाजूने लढले होते आणि शरीफजी तेथेच पडले. एकाच माणसाची दोन रूपे दोन राजकारणांतून घडली. त्यांतले एकही त्याच्या घरातले नव्हते.

अंबरचे दफन खुलदाबादला सूफी संतांच्या सान्निध्यात झाले. त्याचा मुलगा फतेहखान याने १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हवाली केले. कबर उरली; आफ्रिकेची आठवण सांगणारा घरचा विधी मात्र इतिहासाच्या साधनांत सापडत नाही. याउलट गुजरातेतील रतनपूरच्या बावा गोर दर्ग्यातील सिद्दींची धमाल, किंवा उत्तर कन्नडच्या सिद्दींमध्ये धर्माच्या सीमा ओलांडून होणारे 'हिरियारू' या पूर्वजांचे पूजन पाहावे. ज्यांच्याकडे सत्ता नव्हती त्यांच्याकडे विधी राहिला.

यावरून सत्तेने स्मृती नष्ट केली, असा सरधोपट निष्कर्ष काढणे योग्य नाही. दख्खनी होणे ही अंबरची निवड होती आणि तीही एक अस्मिताच. डॅश यांच्या चित्रपटात बेट सोडणाऱ्यांकडे निदान सोबत नेण्याची पुडी आहे. नगरच्या हबशांनी ती पुडी मागे टाकली की ती नोंदवावी असे बखरकारांना व तवारीखकारांना वाटले नाही, हा प्रश्न इतिहासाइतकाच वाङ्मयसमीक्षेचाही आहे. कारण संहितेतील मौन म्हणजे अभाव नव्हे. दरबाराने लढाया लिहिल्या. घरात काय गायिले जात होते, ते लिहिण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती.